तीस रुग्णांची मोजणी : फॅमिली डॉक्टरांचं पुढचं शिक्षण आणि उच्च रक्तदाब

प्रश्न : मी इंदूरमध्ये सुदामा नगरकडे जनरल प्रॅक्टिस करते. रविवारच्या सीएमईंना, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या व्याख्यानांना, नियमाने जाते. उच्च रक्तदाबावर तर दर दोन-तीन महिन्यांनी एखादं व्याख्यान असतंच. तरी माझ्या बीपीच्या रुग्णांत फरक पडलेला दिसत नाही. तेच रुग्ण, तेच १५०-१६०. अमेरिकेत फॅमिली डॉक्टरांना प्रमाणपत्र टिकवण्यासाठी स्वतःच्या रुग्णांवर काम करून दाखवावं लागतं असं ऐकलं. ते नेमकं काय आहे? आणि एकच मदतनीस असलेल्या दवाखान्यात ते जमेल का?

उत्तर : जमतं. तुम्ही, तुमचा मदतनीस आणि एक जाड रजिस्टर एवढ्यावर सुरुवात होते. पण आधी मी तुम्हाला एक विचारतो. तुमच्याकडे बीपीचे रुग्ण एकूण किती, आणि त्यांतल्या किती जणांचं बीपी गेल्या तीन महिन्यांत १४०/९० च्या खाली होतं? हा प्रश्न मी ओळखीच्या डॉक्टरांना नेहमी विचारतो. बहुतेक जण अंदाज सांगतात, आकडा सांगत नाहीत. अंदाज नेहमी चांगल्या बाजूला झुकतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर नियमित येणारे रुग्ण असतात. जे यायचे थांबले ते आठवणीतूनही जातात. माझं स्पष्ट मत आहे की फॅमिली डॉक्टरचं पुढचं शिक्षण या आकड्यापासून सुरू व्हायला हवं.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. अमेरिकन बोर्ड ऑफ फॅमिली मेडिसिन १९६९ साली स्थापन झालं आणि सुरुवातीपासून त्यांनी कुणालाच आजन्म प्रमाणपत्र दिलं नाही. सात वर्षांची मुदत असे, मग पुन्हा परीक्षा. पुढे नुसती परीक्षा पुरत नाही हे ध्यानात आल्यावर प्रत्यक्ष कामाची तपासणी जोडली गेली. उच्च रक्तदाब हा विषय घेतला तर डॉक्टर आधी त्यावरची स्वयंचाचणी सोडवतो. मग आपल्याच काही रुग्णांच्या केसपेपरांतून माहिती काढतो : बीपी आटोक्यात आहे का, औषध बदललं का, किडनीची तपासणी झाली का. ती इतर डॉक्टरांच्या आकड्यांशी ताडून पाहतो, आपल्या कामात एखादा ठरावीक बदल करतो आणि काही महिन्यांनी तीच माहिती पुन्हा काढतो. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी डॉक्टरांची फेरमान्यता होते, आणि त्यात आपल्या कामाची गुणवत्ता सुधारल्याचा पुरावा द्यावा लागतो.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या इंटर्नल मेडिसिनच्या, म्हणजे फिजिशियनांच्या, बोर्डावर तिथले डॉक्टर इतके चिडले की २०१५ साली बोर्डाला आपल्या कार्यक्रमातला कामाच्या तपासणीचा भाग स्थगित करावा लागला. फॉर्म भरण्यात वेळ जातो आणि रुग्णाला त्याचा उपयोग दिसत नाही, ही तक्रार होती आणि ती खरी होती. म्हणून त्यांची पद्धत घ्यावी, फॉर्म घेऊ नयेत.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत पाच वर्षांत तीस तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा लिहिलेली आहे आणि पुढे अनेक राज्यांच्या परिषदांनी क्रेडिटची पद्धत त्यावरच उभी केली. हे तास बसण्याचे आहेत. सभागृहात कोण आलं एवढंच त्यातून कळतं. व्याख्यानं वाईट असतात असं मी म्हणत नाही. इथल्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांकडून आजही मला नवं शिकायला मिळतं. पण बीपीच्या बाबतीत आपलं घोडं ज्ञानापाशी अडलेलंच नाही. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही बीपीची औषधं कुणाला ठाऊक नाहीत? अडतं ते मोजण्यात, औषध वाढवण्यात आणि रुग्ण टिकवण्यात. या तिन्ही गोष्टी आपल्याच दवाखान्यात बसून शिकाव्या लागतात.

आकडे दाखवल्याने डॉक्टरांचं काम खरंच सुधारतं का, यावर २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १४० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. सुधारणा झाली, पण मधला आकडा धरला तर साधारण चार टक्क्यांचीच. निराश होण्याआधी पुढचं वाचा : जिथे सुरुवातीचं काम कमकुवत होतं, आकडे एखाद्या सहकाऱ्याने दाखवले, ते पुन्हा पुन्हा दाखवले आणि सोबत पुढे काय करायचं हे ठरवलं, तिथे फरक जास्त पडला. म्हणजे आकडा एकटा काही करत नाही, त्याच्यामागे कामाची व्यवस्था लागते. कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनन्टे या संस्थेचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २००१ मध्ये त्यांच्या बीपीच्या रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्के आटोक्यात होते, २००९ मध्ये ८० टक्के. त्यांनी कुठलंही नवं औषध शोधलं नव्हतं. सगळ्या रुग्णांची एक यादी केली, डॉक्टरांना आकडे नियमित दाखवले, सर्वांसाठी एकच सोपा औषधक्रम ठरवला, दोन औषधांची एक गोळी वापरली आणि बीपी मोजण्यापुरत्या भेटी मदतनिसांकडे सोपवल्या. त्या भेटीला पैसे घेतले नाहीत.

आणि हे फक्त श्रीमंत देशात होतं असंही नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत आपलं मध्य प्रदेशही होतं. सरकारी केंद्रांवर प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ठरलेला औषधक्रम, महिनाभराच्या गोळ्या आणि दर तिमाहीला मोजणी. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार मिळाला. आपण खाजगी डॉक्टर त्यापासून दूर राहिलो, याचं मला वाईट वाटतं. मध्यमवर्गीय वस्तीतले बहुतेक रुग्ण तर आपल्याचकडे येतात.

आता तुमच्या दवाखान्याचं. सहा महिन्यांपूर्वी ज्यांना बीपीचं औषध चालू होतं असे तीस रुग्ण घ्या. निवडून घेऊ नका. जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यातून ओळीने उचला, म्हणजे आवडते रुग्ण आपोआप पुढे येणार नाहीत. प्रत्येकासमोर लिहा : शेवटची भेट कधी, तेव्हाचं बीपी किती, ते जास्त असेल तर त्या भेटीत औषध बदललं का, आणि वर्षभरात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी) व पोटॅशियम पाहिलं का. मग तीन गट पाडा. गेल्या तीन महिन्यांत आले आणि १४०/९० च्या खाली आहेत. आले पण वर आहेत. आलेच नाहीत. हा तिसरा गट हिशेबातून वगळायचा मोह होतो, तो टाळा. जो आला नाही तो आटोक्यात नाही असंच धरायचं. सरकारी उपक्रमातही तीन महिन्यांच्या हिशेबात न आलेल्यांचा वेगळा रकाना असतो आणि भागाकार मात्र नोंदलेल्या सगळ्यांनीच होतो. पहिल्या मोजणीत तुमचे तीसपैकी दहा-बारा आटोक्यात निघाले तरी घाबरू नका. बहुतेक दवाखान्यांत पहिला आकडा ऐकून डॉक्टर गप्प होतात.

त्याच केसपेपरांत आणखी एक गोष्ट पाहा. बीपीच्या किती नोंदी शून्यावर संपतात? पाऱ्याच्या किंवा डायलच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे नीट मोजलं तर पाचातली एक नोंद शून्यावर यावी. तुमच्याकडे दहातल्या आठ नोंदी १३०, १४०, १५० अशा असतील तर तो रुग्णाचा दाब नाही, आपल्या हाताची सवय आहे. १४०/९० ही तर अशी नोंद आहे की ती पाहून औषध वाढवावं की नाही हेच कळत नाही.

मोजण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा खेळ इथेच बिघडतो. रुग्ण स्कूटर लावून, जिना चढून, बाहेरच्या बाकावरून उठून थेट आत येतो आणि आपण एका हाताने कफ गुंडाळत विचारतो, “काय काकू, कसं काय?” काकू बोलत असतात, पाय लोंबकळत असतात, हात हवेत, बाही वर सरकवून घट्ट झालेली. यातली प्रत्येक गोष्ट वरचा आकडा वाढवते. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर आणि सुटे, हात टेबलावर छातीच्या उंचीला, दंड उघडा, तोंड बंद. मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको, आणि लघवी करून यायला सांगा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं मोजा. जिथे जास्त येईल तोच हात कायमचा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. कफची पिशवी दंडाच्या घेराच्या ऐंशी टक्के तरी भागाला वेढायला हवी. जाड दंडाला नेहमीचा कफ लावला की बीपी खोटं जास्त येतं, म्हणून मोठा कफ विकत घ्याच. सत्तरीच्या पुढचे किंवा मधुमेही असतील तर उभं करूनही मोजा. वरचा आकडा वीसने खाली आला तर औषध वाढवण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

हे सगळं डॉक्टरने करायचं म्हटलं तर ओपीडी कोलमडेल. म्हणून मोजणं मदतनिसाला शिकवा आणि प्रमाणित केलेलं डिजिटल यंत्र द्या. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची भिंतीला लावून ठेवा, वर पाटी : इथे बसल्यावर पाच मिनिटं बोलू नये. आमच्याकडच्या पाटीवर हे मराठीत आणि हिंदीत दोन्ही लिहिलेलं आहे, आणि लोक ते पाळतात. दवाखान्यात सारखं जास्त येतं पण घरी बरं असतं असं वाटलं तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला सांगा. घरच्या सरासरीची सीमा १३५/८५.

मग येते ती जागा जिथे आपण स्वतःच अडतो. बीपी १५८/९४ आहे आणि आपण म्हणतो, “आज घाईत आलात म्हणून वाढलं असेल, पुढच्या वेळी पाहू.” रुग्णही खूश, कारण त्याला गोळी वाढायला नको असते. पुढच्या वेळी सर्दी झालेली असते. त्याच्या पुढच्या वेळी मुलीचं लग्न. असं वर्ष निघून जातं आणि केसपेपरवर एकच औषध, एकच मात्रा. तुमचे ‘तेच रुग्ण, तेच १५०-१६०’ बहुधा इथलेच आहेत. यावर उपाय म्हणजे निर्णय आधीच करून ठेवणं. नीट मोजलेलं बीपी सलग दोन भेटींत वर आलं की औषधक्रमातली पुढची पायरी, त्याच दिवशी. नाही चढलो तर कारण लिहायचं. पायऱ्यांसाठी ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही तीन औषधं बहुतेकांना पुरतात. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसरं औषध थोड्या मात्रेत जोडणं कितीतरी जास्त गुण देतं : २००९ मध्ये ४२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात तो फरक सुमारे पाचपट दिसला होता. शिवाय ॲम्लोडिपिन दहा मिलिग्रॅमवर नेलं की घोटे सुजतात आणि रुग्ण गोळीच सोडून देतो. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला टेल्मिसार्टन देऊ नका, आणि ते सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम पाहा.

पायरी चढण्याआधी मात्र चार प्रश्न विचारायचेच. गोळी रोज घेता का? गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी चालू आहे का? सर्दीची? आणि ज्येष्ठमधाचा काढा वगैरे? डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात आणि आपल्या साठीपुढच्या बायकांत त्या मुठीने घेतल्या जातात. ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

मिठाचा प्रश्न तर आपल्या गावात स्वतंत्रच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. इंदूरच्या घरात सकाळी पोह्यांवर सेव आणि जीरावन हा खारट मसाला, दुपारी वरण-भातासोबत पुन्हा सेव, चार वाजता चहाबरोबर मिक्स्चर. “मीठ कमी करा” म्हटलं की काकू म्हणतात, “मी तर वरून मीठ घेतच नाही, साहेब.” बरोबरच असतं त्यांचं. म्हणून मी मिठाबद्दल विचारत नाही, सेव किती दिवसांत किलोभर संपते ते विचारतो. उपासाच्या दिवसांत सैंधव चालतं, त्याने बीपी वाढत नाही, ही समजूत मराठी घरांत पक्की आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. आणि एकादशीला, चतुर्थीला बीपीची गोळी घेतली तर उपास मोडतो का, हे रुग्ण विचारत नाहीत, परस्पर ठरवतात. आपणच आधी सांगून टाकावं की पाण्याबरोबरची गोळी उपासाला चालते. घरातल्या आजीसमोर सांगितलं तर अधिक चांगलं.

ऋतूही लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत बीपी चढतं आणि एप्रिल-मेमध्ये उतरतं. थंडीत चढवलेली औषधं मे महिन्यात तशीच राहिली, त्यात क्लोरथॅलिडोनसारखं लघवी वाढवणारं औषध असलं, की म्हातारी माणसं सकाळी उठताना भोवळ येऊन पडतात. मग घरचे सगळीच औषधं बंद करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर सत्तरीपुढच्यांची एक फेरतपासणी ठरवून घ्या. मोजण्याचीही हीच अडचण आहे : जानेवारीचा आकडा मेच्या आकड्याशी ताडला तर आपण काही न करता सुधारणा झाल्यासारखी दिसेल. खरी तुलना जानेवारीची जानेवारीशी.

तिसरा गट, न येणाऱ्यांचा. त्यांतले बरेच जण बरं वाटलं म्हणून थांबलेले असतात. “बीपी तर नॉर्मल आलं, मग गोळी कशाला चालू ठेवायची?” गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल आलं, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं, आणि सोबत आलेल्या माणसालाही. काही जण खर्चामुळे थांबतात; त्यांना जेनेरिक लिहून द्या आणि एकदम दोन महिन्यांची लिहा. आणि आपल्या मराठी कुटुंबांत एक खास प्रकार आहे. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आई-बाबा चार महिने तिकडे. तिथे दुसरा डॉक्टर दुसऱ्या ब्रँडची तीच गोळी लिहितो, परत आल्यावर दोन्ही चालू राहतात किंवा दोन्ही बंद होतात. अशा रुग्णांच्या खिशात एक छोटं कार्ड द्या : औषधाचं मूळ नाव, मात्रा, शेवटची तीन बीपी, पोटॅशियम, तुमचा फोन. जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा भेटायला सांगा. ज्यांची तारीख उलटून गेली त्यांना मदतनिसाने शनिवारी दुपारी फोन करायचा. “डॉक्टरांनी तुमची चौकशी केली आहे,” एवढं म्हटलं तरी लोक येतात. कुठल्याही ॲपपेक्षा या फोनवर माझा विश्वास जास्त आहे.

या सगळ्यातलं एकदम सगळं करू नका. पहिल्या तिमाहीत एकच बदल निवडा. तुमच्या तीस केसपेपरांत न आलेले जास्त असतील तर फोन, आलेले पण वर असलेले जास्त असतील तर पायऱ्यांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली. तीन महिन्यांनी तेच तीस पुन्हा मोजा, आणि सोबत नवे तीसही. एकावेळी अनेक गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही, आणि मदतनीसही थकून सोडून देईल. शिस्त म्हणून रोज तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजायची सवयही लावता येईल, पण ती दुसऱ्या वर्षी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांपुढच्या २१ टक्के स्त्रियांत आणि २४ टक्के पुरुषांत बीपी वाढलेलं किंवा औषध चालू असलेलं आढळलं. म्हणजे तुमच्या दवाखान्यात अजून नोंद न झालेले रुग्ण भरपूर असणार. पण जे नोंदलेत त्यांना सांभाळता येईपर्यंत यादी वाढवण्यात अर्थ नाही.

एकट्याने केलेली मोजणी फार काळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. वस्तीतले चार-पाच डॉक्टर एकत्र आले, प्रत्येकाने रुग्णांची नावं झाकून आपला तक्ता आणला आणि महिन्यातून एकदा तासभर बसून बोलले, तर ती टिकते. तिथे कुणी कुणाला नापास करायचं नाही. “तुमच्याकडे न आलेले इतके कमी कसे?” एवढ्या एका प्रश्नातून मी जे शिकलो ते कुठल्याही सभागृहात शिकलो नसतो. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेला आणि भोपाळच्या राज्य वैद्यक परिषदेला माझी विनंती हीच राहील की अशा बैठकीला आणि अशा दोन मोजण्यांना क्रेडिट द्यावं. आकडा चांगला की वाईट यावर ते अवलंबून नसावं. खरा आकडा आणला आणि पुढे काय केलं ते दाखवलं, एवढंच पाहावं. आकड्यावर बक्षीस ठेवलं तर लोक रुग्ण निवडायला लागतील आणि अवघड रुग्ण दुसरीकडे पाठवतील.

तोवर थांबू नका. येत्या रविवारी दुपारी तीस केसपेपर काढा. दोन-तीन तासांचं काम आहे. ओळखीतले आणखी दोघं-तिघं तयार झाले तर पहिली बैठक माझ्या दवाखान्यात ठेवू. लोकमान्य नगरहून तुमच्याकडचे सगळे सहज पोहोचतील. येताना न आलेल्यांची यादी वेगळी लिहून आणा, आपण तिथूनच सुरू करू.